वरमाईचा पाट

"ती खुर्ची उचला आधी," मंगल म्हणाली, "मग मी बसते."

शिनोलीच्या मांडवात विहिणीच्या पंगतीची तयारी झाली होती. बाकी सगळ्या वऱ्हाडाला बुफे होता, पण वरमाईचा मान म्हणून ही एक पंगत पाटावरच बसायची, हा मुलीकडच्यांचा हट्ट. मधोमध मंगलचा पाट मांडलेला. भोवती रांगोळी, समोर चांदीचं ताट, बाजूला उदबत्ती. आणि या सगळ्या थाटाच्या मागे एक लाल प्लास्टिकची खुर्ची. बिनहाताची. हातवाल्या खुर्चीत बायको मावत नाही हे ध्यानात ठेवून सोपाननं कुठल्याही कार्यात पोचल्या पोचल्या बिनहाताची खुर्ची हुडकायची सवय लावून घेतली होती. आता मंगल कुठल्याही खुर्चीत आरामात मावत होती, पण सोपानची सवय काही जात नव्हती.

"असू दे गं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "बाजूला टेबल लावून देतो. उगं चारचौघांत परत तसलं काही..."

"तसलं म्हंजे कसलं?"

सोपान उपरण्यानं खुर्चीची बैठक पुसायला लागला.

तसलं म्हणजे कसलं ते अख्ख्या जुन्नर तालुक्याला ठाऊक आहे, तेव्हा आपणच कशाला झाकून ठेवायचं? चार वर्षांमागं पिंपरी पेंढारला मंगलच्या लेकीचं, आरोहीचं, लग्न होतं. कन्यादानाला नवरा-बायको पाटावर बसले. विधी उरकला, भटजी म्हणाले, उठा आता. सोपान उठला. मंगल उठेना. वजन तेव्हा सव्वाशेच्या पुढं, गुडघे कामातून गेलेले, त्यात शालूचा घोळ. एक हात सोपाननं धरला, एक दिरानं, मागून आणखी कुणी बगलेत हात घातला, तरी बाई जागची हलेना. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "जेसीबी बोलवा रे!" झालं! अख्खा मांडव हसला. भटजीसुद्धा उपरण्यात तोंड लपवून हसले. सोपानची थोरली बहीण बयाबाई, तिचा पोरगा पप्पू मोबाईल घेऊन उभाच होता. त्यानं सगळं टिपलं, त्यावर कसलंसं हिंदी गाणं चढवलं आणि दिलं सोडून. संध्याकाळी लेकीच्या गळ्यात पडून मंगल रडत होती, तेव्हा मागं दोन पोरं तोच व्हिडिओ बघून खिदळत होती.

त्या दिवसापासून मंगल खाली बसली नाही. हरिपाठाला खुर्ची, हळदीकुंकवाला खुर्ची, पंगतीत सगळ्या बाया मांडीला मांडी लावून जेवायच्या आणि ही कुठं तरी जनरेटरपाशी एकटी खुर्चीत ताट मांडीवर घेऊन. खुर्ची आली की तिच्या पाठोपाठ कुणाचं तरी हसू यायचं. आणि फुकटचे सल्ले तर विचारूच नका. कमी खा, चालत जा, भात सोड. अहो, सगळं करून बसली होती ती! मेथीचं पाणी झालं, कुणा बाबाचं चूर्ण झालं, पहाटे कालव्याच्या कडेनं चालून झालं. रानात टोमॅटोचं झाड न झाड सुतळीनं ती स्वतः बांधायची, बसून खाणारी बाई नव्हती ती. वजन बोटभर उतरायचं आणि हातभर चढायचं.

गुडघ्याच्या डॉक्टरनं सांगितलं, आधी वजन, मग गुडघे. आरोही पुण्यात नांदत होती, तिनं वजनाच्या ऑपरेशनच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी कागदावर पोटाचं चित्र काढलं. जठराचा मोठा भाग काढून टाकायचा, उरेल ते केळ्याएवढं. भूक कमी होईल, पण हे काही जादूचं काम नाही, जन्मभर सांभाळावं लागेल, धोकाही आहे. मंगलनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"डॉक्टर, मला खाली बसून एकटीला उठता येईल का?"

डॉक्टरांनी हातातला पेन खाली ठेवला. असला प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा.

"मेहनत घेतलीत तर येईल," ते म्हणाले.

"मग घाला तारीख."

घरात तमाशा झाला. बयाबाई दारातूनच ओरडत आल्या. "देवानं दिल्यालं पोट कापून टाकायचं? अन्नाचा शाप लागंल, शाप! आन बारीक हुऊन करायचं काय या वयात, लग्न लावायचंय का दुसरं?"

"माझंच पोट हाय, वन्सं," मंगल म्हणाली. "तुमच्यातला वाटा न्हाई कापत."

सोपानचं दुःख वेगळं होतं. त्याला ऑपरेशनची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती लोकांची. दवाखान्यात मंगल हिरवा झगा घालून बसली होती आणि हा दाराबाहेर फोनवर कुणाला तरी सांगत होता, "खडे हायेत ओ, पित्ताचे खडे." तो आत आल्यावर ती म्हणाली, "वजनाचं सांगा की खरं. चोरी केली का आपण?" तो म्हणाला, सांगू नंतर. ते नंतर काही उगवलं नाही.

ऑपरेशन पार पडलं. शुद्धीवर आल्यावर पोटापेक्षा खांदाच जास्त दुखत होता. ऑपरेशनसाठी पोटात भरलेली हवा खांद्याला लागते म्हणे. नर्स म्हणाली, चाला मावशी, चाललं की हवा जाईल. एका हातात सलाइनचा खांब, दुसऱ्या हातात आरोही, अशी मंगल व्हरांड्यात फेऱ्या घालायची. पाणी प्यायचं ते औषधाच्या टोपणानं. जिनं आयुष्यभर तांब्या वर धरून पाणी प्यायलं, तिनं टोपणभर पाणी तोंडात घोळवायचं. पहिले आठवडे सगळं पातळ, वरणाचं वरचं पाणी, ताकाची निवळ, डब्यातली ती पांढरी पावडर जिला खडूचा वास यायचा. मग मऊ भात, तोही बाळाच्या उष्टावणाइतका. केस मूठ मूठ गळाले. एकदा शेजारच्या घरातून मासवडीच्या रश्शाचा वास आला आणि मंगल चुलीपाशी खुर्चीत बसून ढसाढसा रडली. भूक नव्हती. पण मासवडी आता कधी पोटभर खाता येणार नाही, याचं रडू आवरेना. पंचक्रोशीत तिच्यासारखी मासवडी कुणी वळत नव्हतं. माणूस गेल्यावर रडतात तशी ती रडली, आणि मग तोंड धुऊन टोपणभर ताक प्यायला बसली.

याच दिवसांत बयाबाई डबा घेऊन आल्या. आत मासवडी, तिळाच्या सारणाची, चांगली जाड. "एक तुकडा खा. कोण बघतंय? मी येवढी केली, माझ्या हातचा मान ठेवशील का न्हाई?" मंगलनं मान ठेवला. दोन घास भराभर गिळले. छातीत दगड अडकल्यासारखं झालं, अंगाला दरदरून घाम फुटला आणि ती मोरीत ओणवी पडली. तासभर तशीच. बाहेर बयाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "बघा, मी म्हणत व्हते!" मोरीच्या थंड फरशीवर गाल टेकून मंगलनं मनाशी गाठ मारली की यापुढं माझ्या तोंडात काय जाणार ते मी ठरवणार. मान बिन सगळा नंतर.

वजन उतरायला लागलं तसं गाव कुजबुजायला लागलं. खड्याच्या ऑपरेशननं कुणी निम्मं होतं का? म्हणजे कॅन्सरच! बाया शहाळी घेऊन यायच्या, डोळे पुसून जायच्या. मंगल सोपानला म्हणायची, आता तरी सांगा. सोपान म्हणायचा, आदेशचं लग्न होऊ दे, उगं सोयरिकीत खोडा नको. आदेश हा धाकटा, त्याला शिनोलीची हर्षाली सांगून आली होती. मुलीकडच्यांनाही खडेच सांगितले गेले. मंगल गप्प बसली, पण रोज सकाळी गोठ्यात एक गोष्ट करू लागली. गोणपाट टाकायचं, त्यावर मांडी घालून बसायचं आणि उठायचं. आधी दावणीच्या खांबाला धरून. मग काठी टेकून. मग दोन हात जमिनीला लावून. कितीदा तरी ती मागच्या मागं बसली. म्हैस रवंथ करत बघत राहायची, हसायची नाही, हेच तिचं मोठेपण. आणि एक दिवस मंगल नुसता एक हात टेकून उठली आणि म्हशीच्या गळ्यात पडली.

तर अशी बाई शिनोलीच्या मांडवात उभी होती आणि नवरा तिच्यामागं खुर्ची ठेवत होता.

सोपाननं खुर्ची उचलली नाही, पण चार पावलं मागं नेली. मंगलनं तेवढ्यावर भागवलं. पदर खोचला, पाटाच्या कडेला हात लावला, आधी उजवा गुडघा, मग डावा, आणि मांडी घालून बसली. आजूबाजूच्या पाटांवरच्या बायांनी एकमेकींकडं बघितलं. विहिणीची गाणी सुरू झाली आणि ताट वाढलं गेलं. पुरणपोळ्या, गुळवणी, कुरडई, भजी, पुरणाच्या कटाची येळवणीची आमटी, वरणभात, वर तुपाची धार. लंकाबाईंनी, म्हणजे हर्षालीच्या आईनं, पहाटेपासून पुरण स्वतः वाटलं होतं.

"आरोही," मंगलनं लेकीला हाक मारली, "एक रिकामं ताट आण."

आरोहीनं ताट आणलं. मंगल एकेक पदार्थ उचलून त्यात ठेवायला लागली. पोळ्या गेल्या, भजी गेली, कुरडई गेली. ताटात उरलं चमचा-दोन चमचे वरणभात आणि वाटीच्या तळाशी आमटी.

"अगं ये, वाढल्या पानातलं काढत्यात व्हय?" पलीकडच्या पाटावरून बयाबाई फिस्कारल्या. "ईनबाईंचा अपमान हाय ह्यो!"

"पानात टाकून उठले तर मोठा अपमान हुईल, वन्सं. उष्टं व्हायच्या आधी काढल्यालं बरं."

तेवढ्यात लंकाबाई पुढं आल्या. काटक बाई, डोईवर पदर, हातात तुपात थबथबलेला पुरणपोळीचा घास. विहिणीनं विहिणीला भरवायची ही रीत. गाणाऱ्या बायांनी आवाज चढवला. मोबाईल वर झाले.

"आ करा, ईनबाई."

मंगलनं लंकाबाईंचं मनगट धरलं. "मला न्हाई घेता यायचं."

लंकाबाईंचा चेहरा उतरला. "का ओ? आमच्या हातचं..."

"तिला खडे व्हते ना पित्ताचे," बयाबाई घाईघाईनं म्हणाल्या, "म्हणून जरा पथ्य..." मागून कुणीतरी कुजबुजलं, "कॅन्सर हाय, लपवत्यात." कुजबुज बऱ्यापैकी मोठ्यानं झाली. नवऱ्या मुलीच्या मामीनं हातातली कुरडई खाली ठेवली. सोपान खुर्चीच्या पाठीला दोन्ही हातांनी धरून उभा होता.

"खडे नव्हते," मंगल म्हणाली. गाणं थांबलं. "कॅन्सरबी न्हाई. वजनाचं ऑपरेशन केलंय मी. पोट कापून बारकं करून घेतलंय, माझ्या मर्जीनं. येवढा गोड घास एकदम गेला तर हितंच उलटी हुईल, आन तुमची येवढी झ्याक रांगोळी खराब हुईल."

कुणी हसलं नाही. लंकाबाईंच्या हातातलं तूप कोपरापर्यंत ओघळलं. त्या मंगलकडं टक लावून बघत होत्या, आणि एकदम त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई! म्हंजे ती जेसीबीवाली तुमीच?"

बोलल्या आणि त्यांनी जीभ चावली. सोपाननं डोळे मिटून घेतले. याच क्षणाला तो ऑपरेशन झाल्यापासून भीत आला होता.

"तुमच्याकडंबी आलता तो इडिओ?" मंगलनं विचारलं.

"हर्षालीच्या बापाच्या मोबाईलवर आलता. सोयरीक जमायच्या लई आधी. तुमाला बघितलं तवा तुमी निम्म्या झाल्या व्हत्या, वळखलं न्हाई मी." लंकाबाईंनी पदरानं कोपरावरचं तूप पुसलं. मग म्हणाल्या, "खोटं न्हाई बोलायची, ईनबाई. मीबी हसले व्हते."

मंगलच्या कानशिलात रक्त चढलं. घोड नदीपासून कुकडीपर्यंत कुठल्या कुठल्या घरात आपल्यावर हसू झालं असेल, या बाईच्या ओसरीवरही झालं. उठून निघून जावं असं वाटलं. पण उठून जायचं म्हणजे रागात, धडपडत, सगळ्यांच्या हातांवर. ती बसून राहिली.

"हसलात तर हसलात," ती म्हणाली. "तवा बसल्याली बघितली. आता उठतानाबी बघा. पर आधी रीत हुऊ द्या. तो घास द्या हिकडं."

तिनं लंकाबाईंच्या हातातला घास घेतला आणि त्यांच्याच तोंडात घातला. अख्खा. लंकाबाई घास चघळत, भरल्या तोंडानं आणि भरल्या डोळ्यांनी उभ्या राहिल्या. गिळून झाल्यावर पाटासमोर बसल्या आणि विचारलं, "मग तुमाला काय चालतं?"

"वरणाचं वरचं. अर्धा चमचा."

लंकाबाईंनी चमचा घेतला, वरण निवळून वरचं घेतलं, फुंकर मारली आणि भरवलं. गाणाऱ्या बायांना आता काय गावं ते कळेना. शेवटी एका म्हातारीनं आपणच सुरू केलं, आणि बाकीच्या मागं लागल्या.

मग मंगल जेवली. आता वरमाई उठल्याशिवाय पंगत उठत नाही, ही रीत सगळ्यांना ठाऊक. मंगलचं जेवण चमचा-दोन चमचे, पण घास असा चावायचा की तोंडात त्याचं पाणी झालं पाहिजे, मग थोडं थांबायचं, मग दुसरा. बाकीच्यांच्या पोळ्या संपल्या, भात संपला, ताक पिऊन झालं. हात वाळायला लागले. फोटोग्राफर दोनदा डोकावून गेला, मुहूर्तापुरते आलेले पाहुणे निघायला गाड्या चालू करून बसले. बयाबाई पाटावर चुळबुळ करत होत्या, त्यांचेही गुडघे आता बोलत असणार. "उरक गं," त्या दातओठ खात म्हणाल्या. मंगलनं पुढचा घास घेतला. इतकी वर्षं तिच्यासाठी कुणी थांबलं नव्हतं, आज थांबा म्हणावं थोडं. चवीनं जेवली ती. येळवणीची आमटी खरंच फक्कड जमली होती, आणि तिनं तसं लंकाबाईंना सांगितलंही.

ताट लख्ख झालं. मंगलनं मान वर केली.

"पप्पू कुठाय?"

पप्पू खांबाआड होता. आता बायकोचा धनी झाला होता, जरा सुधारलाही होता. "काय मामी?"

"मोबाईल काढ."

"जाऊ द्या ना मामी. तवा चुकलंच आमचं..."

"चुकलं का बरोबर ते नंतर बघू. काढ म्हणते ना. नीट धर, हलवू नको."

पप्पूनं मोबाईल काढला. मांडवातली माणसं गोळा झाली, पंगतीतल्या बाया बसल्या जागी वळल्या. नवरदेव आदेश मुंडावळ्या बाजूला सारून पुढं आला, त्याला मंगलनं नजरेनंच थांबवलं. तिनं डावा हात जमिनीला टेकला, गुडघा वर घेतला आणि अंग उचललं.

अर्ध्यात अडकली.

डावा गुडघा वळला नाही. गोठ्यात गोणपाट असायचं, इथं शेणानं सारवलेल्या जमिनीवर पाट सरकला. मंगल परत पाटावर आली.  सोपान खुर्ची सोडून धावला आणि त्यानं हात पुढं केला. रुंद, सुतळीनं कापलेला हात. या हातानंच तिला कन्यादानाला ओढलं होतं आणि दवाखान्यात रात्रभर तिचे पाय चेपले होते. मंगलनं त्या हाताकडं बघितलं.

"तुमी फक्त पाट धरा," ती म्हणाली.

सोपान खाली बसला, आणि भर मांडवात, मुलीकडच्यांसमोर, बायकोचा पाट दोन्ही हातांनी गच्च धरून राहिला. मंगलनं परत हात टेकला. गुडघा वर. अंग वर. दात आवळले, कपाळाची शीर तट्ट फुगली, पैठणी खसखसली, आणि ती उभी राहिली. सरळ. कुणाचा हात नाही, काही नाही.  मग लंकाबाई म्हणाल्या, "चला, उठली वरमाई, उठा गं बायांनो," आणि सगळ्या बाया कण्हत-कुथत उठायला लागल्या. बयाबाईंना दोघींनी धरून उठवावं लागलं. त्या तशाच मागं सरकल्या आणि त्या लाल खुर्चीत बसल्या.

पप्पूनं तो व्हिडिओ त्याच संध्याकाळी मामीला पाठवला, गावच्या ग्रुपवरही टाकला. गावात तो कुणी पुढं पाठवला नाही. पाठवायचं काय? एक बाई पाटावरून उठते, पदर सारखा करते आणि उष्टा हात घेऊन हात धुवायला जाते. असलं काही कोण कुणाला पाठवतं?

जुना मात्र अजून फिरतो. लग्नसराई आली की कुठल्या तरी ग्रुपवर कुणीतरी टाकतंच, आणि हिंडत-फिरत तो मंगलच्या मोबाईलवरही येतो. ती शेवटपर्यंत बघते, मोबाईल बाजूला ठेवते, आणि सुनेबरोबर जमिनीवर मांडी घालून टोमॅटो निवडायला बसते.